मुक्ता फॉन्ट कुठे वापरावा, कुठे नाही

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाह बाईंनी विचारलं आहे: त्रैमासिक, पावतीपुस्तकं, सूचनाफलक, दारावरची पाटी आणि आता नवी वेबसाइट, एवढ्या सगळ्याला एकच मोफत मराठी फॉन्ट हवा आहे. कुणीतरी ‘मुक्ता’ सुचवला. तो मोफत म्हणजे चोरीचा तर नाही ना? तो ‘सॅन्स सेरिफ’ आहे म्हणतात, ते मराठीत नेमकं काय असतं? आणि जुना सगळा मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे, त्याचं काय करायचं?

ताई, आधी थेट उत्तर. पावत्या, अर्ज, फलक, वेबसाइट यांना मुक्ता बिनधास्त घ्या. त्रैमासिकात मथळे, चौकटी, देणगीदारांच्या याद्या, ताळेबंदाचे तक्ते यांनाही घ्या. त्रैमासिकातल्या लांबलचक लेखांना मात्र मी तो लावणार नाही. पंचवीसेक वर्षं अक्षरजुळणी आणि पानं लावण्यात गेली आहेत, त्यातून बनलेलं हे मत आहे. त्यामागची कारणं देतो, न पटली तर सोडून द्या.

चोरीचा नाही. मुंबईत ‘एक टाइप’ नावाचा अक्षररचनाकारांचा गट आहे, हे त्यांचं काम. २०१४ साली फक्त देवनागरीसाठी ‘एक मुक्ता’ या नावाने सुरुवात झाली. देवनागरी अक्षरं गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केली. पुढे गुजरातीसाठी मुक्ता वाणी, गुरमुखीसाठी मुक्ता माही आणि तमिळसाठी मुक्ता मलार अशी भावंडं आली, आणि मूळ कुटुंबाचं नाव नुसतं ‘मुक्ता’ झालं. या नावबदलाचा एक व्यवहारी त्रास सांगून ठेवतो. जुन्या फायलींमध्ये फॉन्टचं नाव ‘एक मुक्ता’ असतं. नव्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या की फॉन्ट सापडत नाही म्हणून तक्रार येते आणि सगळं भलत्याच अक्षरात दिसतं. घाबरू नका, ‘शोधा आणि बदला’मध्ये फॉन्टचं नाव बदललं की काम होतं. फक्त ओळी थोड्या सरकतात, तेव्हा पानं पुन्हा एकदा नजरेखालून घाला.

फॉन्टचा परवाना ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ हा आहे. एसआयएल या संस्थेने तो तयार केला, त्याची १.१ ही आवृत्ती २००७ सालची. त्यात काय चालतं? छापा, वेबसाइटवर घाला, तुमचं बोधचिन्ह त्यात करा, विकायच्या पुस्तकात वापरा, शेजारच्या वाचनालयाला पेनड्राइव्हवर द्या, कुणालाही विचारावं लागत नाही. फॉन्टच्या आत शिरून एखादं अक्षर बदललंत तरी चालतं. बंधनं मोजकी आहेत: नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, बदल करून पुढे दिलात तर तोही याच परवान्याखाली द्यायचा, आणि परवान्याची मजकूर-फाइल सोबत ठेवायची. तुम्ही छापलेल्या अंकावर किंवा पीडीएफवर या परवान्याचा काहीही हक्क येत नाही. हे एवढं सविस्तर सांगतोय कारण आमच्या धंद्यात फॉन्ट विकत घेणाऱ्याला वेडा समजायचा एक काळ होता. शंभर फॉन्टची सीडी चहाच्या पैशात हातोहात फिरायची आणि कोणत्या फॉन्टचा मालक कोण, हे विचारायची रीतच नव्हती. त्यामुळे ‘मोफत’ म्हटलं की तुमच्या मनात शंका येते, ती रास्त आहे.

आता सॅन्स सेरिफ. रोमन अक्षरांच्या टोकांना ज्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात त्या म्हणजे सेरिफ, आणि त्या नसल्या की सॅन्स. देवनागरीला तसल्या पट्ट्या मुळात नाहीतच, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे उसना येतो. आपल्याकडे फरक पडतो तो रेघेच्या जाडीने. टोक तिरकं कापलेल्या बोरूने ‘क’ काढा: उभा दांडा जाड येतो, गोलाई वळता वळता बारीक होते, पुन्हा जाड होते. जुन्या छापखान्यांतले शिशाचे खिळे याच वळणाचे होते, कित्त्यातलं अक्षरही याच वळणाचं. उलट स्केचपेनने ‘क’ काढलात तर रेघ सगळीकडे सारखी. मुक्ता दुसऱ्या जातीचा. म्हणून मराठीत मी त्याला ‘एकजाडीचा’ म्हणतो.

पण स्केचपेन आणि मुक्ता यांत फरक आहे, आणि तिथेच रचनाकाराची मेहनत दिसते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ह्म’ यांसारख्या अक्षरांत तीन-चार रेघा एका ठिकाणी येऊन मिळतात. तिथे जाडी खरोखर सारखी ठेवली तर काळा डाग पडतो. म्हणून चांगल्या एकजाडीच्या फॉन्टमध्ये रेघ सांध्याजवळ हळूच कुरतडलेली असते. मुक्ताचं सर्वांत ठळक वजन (वजन म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी) मोठ्या आकारात पडद्यावर आणा आणि ‘क’ची गोलाई दांड्याला कुठे चिकटते ते बघा. ती जागा डोळ्याला सारखी वाटते, मोजली तर सारखी नसते.

एकजाडीचा फायदा कुठे? जिथे छपाई वाईट, आकार लहान किंवा वाचणारा घाईत, तिथे. पावतीपुस्तक साध्या कागदावर, गावातल्या मशीनवर, शाई कमी-जास्त होत छापलं जातं. बोरूच्या वळणाच्या फॉन्टमधल्या बारीक रेघा तिथे तुटतात आणि ‘घ’चा ‘ध’ होतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की हे आणखी ठळक दिसतं. मुक्तात बारीक अशी रेघच नाही, त्यामुळे तुटायला काही उरत नाही. शिवाय त्याच्या अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा मोठ्या आहेत, त्या शाईने चटकन भरत नाहीत. पडद्याचंही तेच. स्वस्त मोबाइलवर, उन्हात, चष्मा घरी विसरलेला वाचक ‘वाचनालय सोमवारी बंद’ वाचतो तेव्हा त्याला हाच लागतो.

मग लेखांना का नको? दोन-अडीच हजार शब्दांचा लेख सलग वाचताना रेघेतला चढउतार डोळ्याला धरायला काहीतरी देतो, असा माझा अनुभव आहे. सगळंच सारखं असलं की पान करडं आणि सपाट होतं, तिसऱ्या पानावर वाचक कंटाळतो आणि दोष लेखकाला देतो. शिवाय आपल्या वाचकाची नजर पुस्तकांच्या अक्षरावर घडलेली आहे. त्यासाठी मोफत पर्याय आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ पुस्तकी मजकुरासाठीच केलेला आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ हाही आहे. त्याची हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळी भावंडं आहेत, आणि मराठीच्या भावंडात मराठी वळणाची अक्षरं आपोआप येतात. लेख यांपैकी एकात आणि मथळे-चौकटी मुक्तात, ही जोडी छान बसते. एकच फॉन्ट हवा हा तुमचा हट्ट मी इथे मोडतोय, पण दोनवर थांबा. तिसरा आला की अंक लग्नपत्रिकेसारखा दिसायला लागतो.

वजनांबद्दल. मुक्ताची सात वजनं आहेत, एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत. सातही कॉम्प्युटरवर टाका, वापरा तीन: साध्या मजकुराला रेग्युलर, मथळ्याला सेमीबोल्ड किंवा बोल्ड, आणि मीडियम. हे मीडियम लोक विसरतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं टाकायची असतील तर आजूबाजूची शाई अक्षरात शिरते आणि रेग्युलर बारीक पडतं. तिथे मीडियम घ्यायचं. वर्तमानपत्री कागदावर उलट होतं, शाई पसरून अक्षर फुगतं, तिथे बोल्डचं सेमीबोल्ड करावं. सर्वांत हलकी दोन वजनं देखणी आहेत, पण ती मोठ्या आकाराच्या एखाद-दुसऱ्या ओळीसाठी. एका सहकारी संस्थेच्या अहवालात कुण्या हौशी माणसाने टिपांचा सगळा मजकूर लाइटमध्ये, नऊ पॉइंटात लावला होता. सभेत सभासद अहवाल खिडकीजवळ नेऊन वाचत होते.

आणि पॉइंटावर विसंबू नका. बारा पॉइंटाचा मुक्ता आणि बारा पॉइंटाचा दुसरा फॉन्ट शेजारी ठेवलात तर अक्षरांची खरी उंची वेगळी भरते. एक परिच्छेद दोन्हींत छापून पट्टीने मोजा, मग आकार ठरवा.

ओळींमधलं अंतर हा मराठीचा खरा खर्च. शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार: ‘मूर्तींची’ या एका शब्दात वर किती गर्दी आहे बघा, आणि त्याच्या वरच्या ओळीत नेमका ‘शत्रू’ आला तर दोघांची टक्कर. मुक्तात मुळातच ओळींना ऐसपैस जागा दिलेली आहे. वर्डमध्ये लोकांना ती जास्त वाटते आणि ते अंतर ‘नेमकं’ निवडून दाबून टाकतात. दाबा, पण आकाराच्या दीडपटीच्या खाली जाऊ नका. वेबसाइटवर मी १.६ ते १.७ पट ठेवतो.

आता मराठीची परीक्षा. ही मुक्तालाच नाही, कोणत्याही देवनागरी फॉन्टला घ्यायची. पुढचे शब्द टाइप करा आणि छापून बघा: वऱ्हाड, दुसऱ्या, कऱ्हाड, ॲप, ऑक्टोबर, वाङ्मय, उद्ध्वस्त, ह्रस्व, हृदय, चिठ्ठी, पश्चिम, ब्राह्मण, मूर्तींची, बाळाला, शाल. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र आडव्या चंद्रकोरीसारखा यायला हवा, त्याचा रफार झाला तर फॉन्ट किंवा टाइप करणारा, दोघांपैकी एक चुकतोय. ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्या जागी चौकोन दिसतो. ‘वाङ्मय’मध्ये ङचा टिंब जातो किंवा पाय मोडका दिसतो. तुमच्या पाटीवर ‘वाङ्मय’ शब्द असण्याची शक्यता दाट, म्हणून मुद्दाम सांगतोय.

‘शाल’ कशासाठी? ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. आपला ल पाकळ्यांचा, आपला श देठाचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही हीच रूपं धरलेली आहेत. बहुतेक देवनागरी फॉन्ट उघडले की समोर येतात ती हिंदी वळणाची रूपं. मराठी रूपं फॉन्टच्या पोटात दडलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे असं सांगितल्यावरच ती बाहेर येतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅरेक्टरच्या चौकटीत भाषा निवडायची सोय आहे. लिबरऑफिसमध्येही आहे, तिथे ती ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांच्या खान्यात बघा. वेबसाइटवर पानाच्या कोडच्या सुरुवातीलाच भाषेची खूण ‘एम-आर’ अशी लिहायला सांगा. बरेच जण तिथे हिंदीची ‘एच-आय’ किंवा इंग्रजीचीच खूण ठेवून मोकळे होतात. भाषा बदलून ल-श पालटले नाहीत तर तुमच्या हातातल्या आवृत्तीत ती सोय नाही असं समजा. मग निर्णय तुमचा. पावतीवर मला हिंदी वळणाचा ल चालतो. वाचनालयाच्या नावाच्या पाटीवर चालत नाही. तिथे मराठी रूपं देणारा फॉन्ट घ्या, नाहीतर चित्रकाराकडून नाव हाताने काढून घ्या, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त शोभेल.

पाटीचा विषय निघालाच आहे तर रेडियमबद्दल ऐका, हा माझा स्वतःचा फजितीचा किस्सा आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजाऱ्याच्या तुकड्यावर किंचित चढतो. छापताना ते कळत नाही, काळ्यावर काळं. पण रेडियम कापायचं मशीन प्रत्येक आकाराच्या कडेने पातं फिरवतं, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेघ कापली जाते. एका पतपेढीच्या काचेवर मी असं नाव लावून घेतलं. पहिल्या पावसाळ्यात शिरोरेघेचे तुकडे सुटे होऊन गळायला लागले, दिवाळीपर्यंत नाव गुजरातीत लिहिल्यासारखं दिसत होतं. तेव्हापासून अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलली की सगळा शब्द निवडून वेल्ड करतो, म्हणजे सांधून एकच आकार करतो, मगच फाइल देतो. अक्षरांना बाहेरून रंगीत कड द्यायची असेल किंवा अक्षरं अर्धपारदर्शक करायची असतील तरी हेच, नाहीतर प्रत्येक सांध्यावर रेघ किंवा गडद ठिपका दिसतो. फ्लेक्सवाल्याला हे ठाऊक असतंच असं नाही, तुम्ही सांगा.

वेबसाइट करणाऱ्या मुलाला चार गोष्टी सांगा. फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून जोडता येतो किंवा फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवता येते, परवान्याला दोन्ही मान्य. देवनागरीच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात कारण जोडाक्षरांचे शेकडो आकार आत असतात, तेव्हा दोनच वजनं उतरवा. फॉन्ट येईपर्यंत मजकूर अदृश्य न राहता फोनच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये दिसेल अशी सोय करा. अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर असतोच. आणि दोन शहाणपणाच्या वाटणाऱ्या गोष्टी करू नका. एक, अक्षरांमधलं अंतर वाढवणं: रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाची अक्षरं वाळत घातल्यासारखी दिसतात. दुसरं, तिरकी अक्षरं: मुक्ताला तिरकं रूप नाही, ब्राउझर सरळ अक्षरं ओढून तिरकी करतो आणि काना पडायला आल्यासारखा दिसतो. जोर द्यायचा तर वजन बदला. पुस्तकाचं नाव वेगळं काढायचं तर अवतरणचिन्हं आहेतच.

मुक्तातली रोमन अक्षरं देवनागरीशी उंचीने आणि रेघेने जुळवून केलेली आहेत, याचा उपयोग तुमच्या सूचीत होईल. पुस्तकांची मराठी नावं, इंग्रजी नावं, फोन नंबर, ईमेल हे सगळं एका ओळीत येतं तेव्हा एरवी इंग्रजी शब्द शेजारच्या घरातून आल्यासारखा वेगळा दिसतो. इथे तसं होत नाही. आकडे मराठी की इंग्रजी ते एकदा ठरवा आणि अंकभर तेच ठेवा, फॉन्टमध्ये दोन्ही आहेत.

तुमचा ऑपरेटर अजून पेजमेकर वापरत असेल तर मुक्ता तिथे चालणार नाही, पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर निवडावा लागतो, नाहीतर वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात; नव्या माणसाला फॉन्टच खराब आहे असं वाटतं. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस मोफत आहे, पण १.५.३ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. त्याआधीच्या स्थिर आवृत्त्यांत आपल्या लिप्यांची जोडणी होत नसे. त्रैमासिक साधं असेल तर लिबरऑफिसमध्येही होऊन जाईल.

राहिला जुना मजकूर. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या जुन्या घराण्यांत अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात, प्रत्येकाची बसवायची रीत निराळी. म्हणून तो मजकूर निवडून नुसता मुक्ता लावला की कचरा दिसतो. आधी परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्राममधून, युनिकोड करून घ्यायचा. परिवर्तक मजकुराचा मोठा भाग नीट आणतो, पण ठरावीक ठिकाणी हमखास पडतो: ऱ्या आणि ऱ्ह, रफार असलेली अक्षरं, पहिली वेलांटी आणि जोडाक्षर एकत्र आलं की (‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’), ॲ आणि ऑ, अवतरणचिन्हं, आणि मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द, ते मराठी समजून बदलले जातात. प्रुफं वाचताना एवढ्याच जागा आधी शोधून घ्या, मग सलग वाचन करा. मागचे सगळे अंक एकदम बदलायला बसू नका. ज्या लेखांना वेबसाइटवर मागणी येईल ते आधी. बाकीच्या अंकांची पानं स्कॅन करून ठेवली तरी सध्या पुरे.

पाटी पावसाळ्याआधी लावून घ्या, वेबसाइट केव्हाही होईल. पावतीपुस्तकं मात्र आहेत ती संपेपर्यंत जुनीच वापरा.